कार्पेट कडक भाकरीसारखं झालंय, टाकून देऊ का?

जुळे सोलापुरातून एका मुलीचं पत्र आलंय, थोडं कापून इथे देतेय:

"मावशी, आमच्या हॉलमध्ये पाच बाय सातचं कार्पेट आहे, बाळ रांगायला लागलं तेव्हा घेतलेलं. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येणार म्हणून संक्रांतीच्या आधी टेरेसवर नेऊन धुतलं. वॉशिंग पावडर भरपूर टाकली, ब्रशनं घासलं, बोअरचं पाणी मारलं आणि कठड्यावर वाळत टाकलं. वाळल्यावर बघते तर एकदम कडक, पाय ठेवला की कुरकुर वाजायलंय. परत धुतलं, यावेळी पावडर जास्त घेतली आणि वरून सॉफ्टनर पण घातला, तर अजूनच वाईट झालं. बाळाचे गुडघे लाल व्हायलेत. मैत्रीण म्हणते खायचा सोडा टाक, शेजारच्या काकू म्हणतात व्हिनेगर टाक, सासूबाई म्हणतात त्याची कडक भाकरी झालीय, टाकून दे. काय करू?"

अगं, टाकू नकोस. तुझं कार्पेट बिघडलेलं नाहीये, त्याला खळ बसलीय आणि खळ निघते.

माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात माग होते, त्यामुळं खळ म्हणजे काय ते मी लहानपणापासून बघितलंय. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं सूत मागावर चढवायच्या आधी त्याला खळ देतात, म्हणजे स्टार्चची पेज पाजतात, कारण मागाच्या दणक्यात सूत तुटायला नको. ते खळ दिलेलं सूत वाळलं की हातात तारेसारखं लागायचं, वाकवलं की बारीक कट् असा आवाज यायचा आणि बोटांना पांढरी पूड चिकटायची. तेच सूत धुतलं की परत कापसासारखं मऊ. नवीन सोलापुरी चादर सुरुवातीला अंगाला टोचते आणि दोन-तीन धुण्यांनंतर मऊ पडते ना, ती याचमुळं, धागा तोच असतो, फक्त वरचं कवच गेलेलं असतं. तुझ्या कार्पेटच्या एकेका केसाला आत्ता असंच कवच आहे, फक्त ते स्टार्चचं नाही तर साबणाचं आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षाराचं आहे.

आता हे दोन वेळा धुऊनही का निघालं नाही, उलट वाढलं का, ते नीट समजून घे, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. आपल्याकडं जमिनीखाली काळा खडक, त्या खडकातनं झिरपून आलेलं बोअरचं पाणी म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं पाणी, बाथरूमच्या नळाच्या तोंडाला आणि बादलीच्या आतून जो पांढरा खरखरीत थर बसतो तो तोच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची, म्हणजे या क्षारांची, चांगली मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम धरलीय, आणि दुसरा काही सोर्सच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं असं आहे. समज तुमच्या बोअरचं पाणी 600 वालं आहे आणि धुतल्यावर कार्पेटमध्ये दहा लिटर पाणी राहिलं, निथळलं नाही, तिथंच वाळलं. पाणी उडून गेलं, क्षार कुठं जाणार? 6 ग्रॅम चुन्यासारखी पूड तुझ्या कार्पेटमध्ये राहिली, म्हणजे चहाचा एक चमचा भरून. ही झाली नुसत्या पाण्याची गोष्ट, अजून साबण धरलाच नाही.

पावडरमध्ये धुण्याचा सोडा असतो. हा सोडा जड पाण्यातल्या कॅल्शियमला धरतो आणि त्याचा बारीक चुना करून खाली बसवतो, कपड्यांच्या मशीनमध्ये तो बराचसा पाण्याबरोबर वाहून जातो पण कार्पेटच्या दाट केसांमध्ये तो अडकून बसतो. म्हणजे जास्त पावडर टाकली की जास्त स्वच्छ होईल असं आपल्याला वाटतं आणि आपण जास्त चुना तयार करत असतो. वरून तू सॉफ्टनर घातलास. सॉफ्टनर आणि डिटर्जंट हे एकमेकांच्या उलट स्वभावाचे, दोघं एकत्र आले की चिकट राप तयार होतो, म्हणूनच मशीनमध्ये सॉफ्टनर सगळ्यात शेवटी, साबण निघून गेल्यावर घेतात. कार्पेटमधनं साबण निघालाच नव्हता. तुझी यात काही चूक नाही गं, पाकिटावर कार्पेटचं कुणीच लिहीत नाही आणि आपण सगळ्याजणी कपड्याच्याच हिशोबानं धुतो.

अजून एक गोष्ट, ही मला फार महत्त्वाची वाटते. कार्पेट वाळताना पाणी वरच्या टोकातनं उडतं, त्यामुळं खालचं पाणी केसातनं वर चढत राहतं आणि येताना साबण, क्षार, मळ सगळं सोबत घेऊन येतं. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो ना, ओल आत असते आणि पांढरी पूड बाहेर दिसते, अगदी तसंच. म्हणून खाली बुडाशी बोट घालून बघितलंस तर केस मऊ लागतील आणि वरची टोकं मात्र टोचतील. जितकं हळू वाळेल तितकं हे वर चढणं जास्त.

आधी एक छोटी टेस्ट कर, दहा मिनिटांचं काम आहे. कार्पेटच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा घे, त्यावर थोडं कोमट पाणी टाक, वाटीभर बास, आणि चमच्याच्या उलट्या बाजूनं घास. फेस आला तर साबण राहिलाय. फेस नाही, पण पांढरट दिसतंय आणि खरखर लागतंय तर क्षार जास्त आहे. चिकट लागलं आणि फक्त त्याच ठिकाणी लागलं तर बहुतेक चहा किंवा सरबत सांडलेलं असणार, साखर वाळली की ती पण अशीच कडक होते, तिला नुसतं कोमट पाणी पुरतं. तुझ्या बाबतीत मला खात्री आहे की फेस येणार, आणि भरपूर येणार.

दुसरी टेस्ट धाग्याची, ही आमच्या घरी कुणीही करायचं. कार्पेटच्या मागच्या कडेतनं एखादा धागा ओढून काढ, चिमट्यात धर, स्टीलच्या ताटलीवर, बाळ दुसऱ्या खोलीत असताना, आणि काडी लाव. वितळून कडक गोळी झाली तर सिंथेटिक, म्हणजे पॉलिस्टर, नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन. केस जळल्यासारखा वास आला आणि चुरगळली जाणारी राख पडली तर लोकर. कागदासारखा भुरुभुरु जळाला तर सुती, ज्यूट किंवा व्हिस्कोस, म्हणजे कृत्रिम रेशीम. बाजारात हल्ली मिळणारी बहुतेक स्वस्त कार्पेटं सिंथेटिकच असतात आणि पुढं जे सांगतेय ते बिनधास्त त्यांच्यासाठी. लोकरीला गरम पाणी आणि जोरात ब्रश दोन्ही नको, ती आटते आणि तिचा नमदा होतो, म्हणजे केस एकमेकांत घट्ट गुंतून बसतात. आणि कार्पेट रेशमासारखं चमकणारं असेल, धागा कागदासारखा जळला असेल, तर तिथंच थांब आणि मला कळव, कारण व्हिस्कोसचा कडकपणा बऱ्याचदा पाण्यानंच आलेला असतो, त्याला परत भिजवलं तर नुकसान वाढतं. माझ्याकडं एक असा गालिचा होता, मोरपंखी रंगाचा, एकाच धुण्यात त्याची लव बसली ती परत उठलीच नाही. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर तो आज माझ्या पायाखाली असता.

आता धुवायचं. येत्या रविवारी सकाळी लवकर सुरू कर म्हणजे दिवसभर वाळायला मिळेल. पहिल्यांदा कार्पेट कोरडंच कठड्यावर उलटं टाक, म्हणजे केस कठड्याच्या बाजूला आणि पाठ तुझ्याकडं, आणि पाठीवर काठीनं झोडप. पांढरी पूड उडताना दिसेल, नाकाला ओढणी बांध. हा कोरडा क्षार जितका आत्ता निघेल तितका पुढं त्रास कमी, भिजवल्यावर तो परत चिकटतो. घरात व्हॅक्यूम असेल तर झोडपल्यावर एकदा दोन्ही दिशांनी फिरव.

मग चार लिटर कोमट पाण्यात एक वाटी पांढरं व्हिनेगर. किराणा दुकानात चायनीजच्या मसाल्यांशेजारी असतं ते साधं पांढरं व्हिनेगर, काळं किंवा रंगीत घेऊ नकोस. तुझ्या शेजारच्या काकू बरोबर सांगायल्यात. व्हिनेगरचं ऍसिड चुना विरघळवतं आणि साबणाचा राप सोडवतं, आणि स्वतः वाळताना उडून जातं, मागं काही ठेवत नाही, वास येतो पण वाळल्यावर तोही जातो. काहीजणी लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक ऍसिड वापरतात, ते पण क्षार काढतं, पण ते उडून जात नाही, नीट धुतलं गेलं नाही तर त्याचेच खडे केसात बसतात, म्हणून कार्पेटला व्हिनेगरच बरं. आधी कोपऱ्यात लावून, पांढऱ्या फडक्यानं दाबून बघ रंग सुटतो का. सुटत नसेल तर सगळीकडं शिंपड, ओलं होऊ दे, दहा-पंधरा मिनिटं ठेव, आणि मऊ ब्रशनं केसांच्या दिशेनं हळूहळू ओढ. गोल गोल घासू नकोस, त्यानं केस पिळवटतात. एक गोष्ट अगदी कडकपणे सांगते, या कामाच्या वेळी ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर आसपास सुद्धा ठेवू नकोस. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन गॅस तयार होतो, तो विषारी आहे, आणि घरात बाळ आहे.

आता खरी मेहनत. फरशीचं पाणी काढायचा जो रबरी वायपर असतो तो घे. कार्पेट टेरेसवर थोड्या उताराच्या जागी सपाट पसर, वरच्या कडेला पाणी टाक आणि वायपर दोन्ही हातांनी दाबून स्वतःकडं ओढत खाली ये. बघ काय होतं ते. वायपरच्या पुढं आधी राखाडी पाणी येईल, मग त्यावर दाट पांढरा फेस, साय धरल्यासारखा, आणि तू म्हणशील मी तर साबण टाकलाच नाही, हा आला कुठनं. हा संक्रांतीचा फेस आहे. परत पाणी, परत वायपर. तिसऱ्या-चौथ्या वेळी फेस विरळ होतो, बुडबुडे मोठे होतात आणि लगेच फुटतात, आणि मग एका ओढीत नुसतं स्वच्छ पाणी येतं. तिथपर्यंत थांबायचं नाही, हात दुखले तर नवऱ्याला बोलव, हे दोघांचं काम आहे, ओलं पाच बाय सातचं कार्पेट एकटीनं उचलायचं पण नाही. स्टीलच्या ग्लासात ते शेवटचं पाणी घेऊन हलवून बघ, वर फेसाची कडा राहत नसेल तर झालं.

हे सगळं मधलं धुणं बोअरच्या पाण्यानं केलंस तरी चालेल, पण शेवटचं पाणी हलकंच, म्हणजे कमी क्षाराचंच पाहिजे. शेवटी जे पाणी आत राहून वाळणार आहे तेच ठरवतं कार्पेट मऊ होणार की कडक. म्हणून दहा-पंधरा लिटर चांगलं पाणी बाजूला काढून ठेव. नळाचं पाणी रोज कुठं येतं आपल्याकडं, पण ज्या दिवशी येईल त्या दिवशी एक बादली कार्पेटच्या नावानं भरून ठेव, धरणाचं नदीचं पाणी बोअरपेक्षा बरंच हलकं असतं. घरात एसी असेल तर त्याच्या पाइपमधनं ठिबकणारं पाणी बादलीत साठव, ते हवेतलंच पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतो, फक्त फडक्यातनं गाळून घे. आणि आरओचं म्हणशील तर इथं गल्लत होते, आरओमधनं जे वाया जाणारं पाणी निघतं, जे आपण सगळे फरशी पुसायला बादलीत साठवतो, ते अजिबात वापरू नकोस. मशीननं सगळा क्षार त्याच पाण्यात ढकललेला असतो, ते बोअरच्या पाण्यापेक्षाही जड. पाणी वाया घालवायचं नाही ही सवय चांगलीच आहे, ते झाडू-फरशीला जाऊ दे, कार्पेटला नको.

शेवटचं पाणी मारून परत वायपर, यावेळी अजून जोर लावून, मग दोन जुने टर्किश टॉवेल अंथर आणि त्यावर चालत जा, टाचा दाबत. टॉवेल जितकं पाणी पितील तितकं उन्हाचं काम कमी. मग कार्पेट सैल गुंडाळून अर्धा तास कोपऱ्यात उभं कर, खालनं पाणी निथळतं.

वाळवताना कठड्यावर दुमडून टाकू नकोस, मागच्या वेळी तसंच केलंस म्हणून मधली घडी सगळ्यात जास्त कडक झाली असेल, तिथं पाणी अडकून राहतं. बाज असेल तर बाजेवर पसर, नाहीतर चार प्लास्टिकच्या खुर्च्या उलटसुलट लाव, मुद्दा एवढाच की खालनं पण हवा लागली पाहिजे. आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेचा हा फायदा आहे, मुंबईवाल्यांना दोन दिवस लागतात तिथं आपलं काम एका दिवसात होतं. पण एप्रिल-मेमध्ये हे करणार असशील तर भर दुपारच्या उन्हात तापलेल्या स्लॅबवर ठेवू नकोस, बऱ्याच कार्पेटांच्या पाठीला लॅटेक्सचा गोंद असतो, तो उन्हानं आणि तापमानानं कडक होऊन तडकतो आणि मग कार्पेट पाठीकडनं कडकड वाजतं. सावली आणि वारा हे सगळ्यात उत्तम. घरात आणून पंखा फुल लावलास तरी छान. कूलर लावायचा तर पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा, नाहीतर तो खोलीत दमटपणाच आणतो.

आणि हे विसरू नकोस, कार्पेट अजून थोडं दमट आहे, हाताला गार लागतंय पण ओलं लागत नाही, अशा वेळी एकदा कोरड्या ब्रशनं केस उलट्या दिशेनं उभे कर. तसंच पूर्ण वाळू दिलं की केस एकमेकांना धरून वाळतात. पूर्ण वाळल्यावर परत एकदा झोडप किंवा व्हॅक्यूम फिरव, राहिलेली बारीक पूड तेव्हा निघते. पहिल्या वेळेत ऐंशी टक्के मऊ झालं आणि कुठंकुठं टोचत राहिलं तर घाबरू नकोस, तेवढ्याच भागाला परत एकदा व्हिनेगरचं पाणी आणि हलकं पाणी. दोन वेळा पावडर खाल्लेल्या कार्पेटला दोन वेळा लागू शकतात.

मैत्रिणीच्या खायच्या सोड्याचं सांगते. सोडा वास घालवायला चांगला, पण कोरड्या कार्पेटवर कोरडा टाकून नीट व्हॅक्यूमनं ओढून काढला तरच. ओल्या कार्पेटवर टाकलास तर तोच आत वाळून अजून एक खळ बसते. आणि व्हिनेगरवर सोडा टाकून फसफस करणारे जे व्हिडिओ असतात त्यात दोघंही एकमेकांना मारून टाकतात, ऍसिडही संपतं आणि सोडाही, मागं राहतो तो क्षारच. दिसायला मजा वाटते, काम होत नाही.

ज्यांच्याकडं कार्पेट फरशीला चिकटवलेलं आहे, बेडरूममध्ये किंवा ऑफिसमध्ये, त्यांना हे पाणी ओतणं चालणार नाही, खाली पाणी मुरलं की कुबट वास आणि बुरशी. त्यांनी तेच व्हिनेगरचं पाणी स्प्रे बाटलीत भरून थोडं थोडं मारायचं, टॉवेलनं दाबून उचलायचं, मग हलक्या पाण्याचा स्प्रे, परत टॉवेल. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम भाड्यानं मिळाला तर फारच सोपं. आणि क्लीनिंगवाल्यांना बोलावलं तर काम सुरू व्हायच्या आधीच विचारा, शॅम्पू मारल्यावर साध्या पाण्यानं धुऊन ओढणार का. माझ्या बहिणीकडं एकदा आलेले लोक छान फेस करून, वरवर पुसून, वाळलं की झालं म्हणून निघून गेले, पंधरा दिवसात कार्पेट परत काळं पडलं, आधीपेक्षा जास्त. उरलेला साबण चिकट असतो, प्रत्येक पायाची धूळ तो धरून ठेवतो, म्हणून धुतलेलं कार्पेट लवकर मळायला लागलं की समजायचं साबण आत आहे.

पुढच्या वेळेसाठी. पावडर नाहीच, लिक्विड घे, एका बादलीला एक चमचा, बादलीत नीट मिसळून मगच कार्पेटवर, थेट कार्पेटवर ओतायचं नाही. फेस कमी दिसला म्हणून अजून टाकायचं नाही, जड पाण्यात फेस कमीच होतो. वर्षातनं एकदा-दोनदा पूर्ण धुणं पुष्कळ झालं, बाकी आठवड्याला झोडपणं आणि व्हॅक्यूम. खरं सांगू, घरातली बहुतेक घाण ही कोरडी माती असते, ती कोरडीच काढली तर धुवायची वेळ लांबते. काही सांडलं तर तेवढंच आणि तेव्हाच, कोरड्या फडक्यानं दाबून, बाहेरनं आत येत. चहा सांडला तर दाबून उचलल्यावर कोमट पाणी, परत दाबायचं. शेंगाचटणी सांडली तर आधी चमच्यानं खरवडून उचल, पाणी लावायच्या आधी, नाहीतर तिखटाचा लाल रंग आणि तेल दोन्ही पसरतात, मग भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब ओल्या फडक्यावर, आणि नंतर दोन-तीन वेळा नुसत्या पाण्याचं फडकं. तो थेंबही काढायचाच.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की टॉवेल पण असेच कडक होतात, ते मी वर घेतलं नाही पण उत्तर देते, कारण टॉवेल हा आपल्या गावचा जिव्हाळ्याचा विषय आहे, सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल दोन्हींना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि घरोघरी तेच टॉवेल खरखरीत झालेले बघून मला खरंच वाईट वाटतं. कारण बरंचसं तेच, पावडर जास्त आणि पाणी जड. पण सुती धाग्याचं अजून एक आहे. 2020 मध्ये जपानच्या काओ कंपनीच्या आणि होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की टॉवेल वाळला असं आपल्याला वाटतं तेव्हाही कापसाच्या तंतूंवर अगदी थोडं पाणी धरून राहिलेलं असतं आणि ते पाणीच तंतूंना डिंकासारखं एकमेकांना चिकटवतं. म्हणून दोरीवर गुपचूप वाळलेला टॉवेल फळीसारखा होतो आणि वाऱ्यावर फडफडत वाळलेला मऊ राहतो. तर पिळल्यावर दोन-तीनदा जोरात झटक, अर्धवट वाळल्यावर एकदा परत झटक, आणि शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर. सुती सतरंजी असेल तर तिलाही हेच, ती तर झटकायला आणि झोडपायलाच बनलीय.

बाळाला कार्पेट धुऊन पूर्ण वाळेपर्यंत त्यावर सोडू नकोस, तोपर्यंत एखादी जुनी, खूप धुतलेली चादर चौघडी करून अंथर, रांगायला तीच सगळ्यात मऊ. गुडघ्यांना कोमट पाणी आणि खोबरेल तेल लाव, साबण नको. कार्पेटपासून लांब ठेवूनही दोन-तीन दिवसात लाली गेली नाही तर डॉक्टरांना दाखव, ते कार्पेटचं नसेल कदाचित.

आणि सासूबाईंना रविवारी टेरेसवर खुर्ची टाकून बसव, वायपरपुढं तो फेस येताना त्यांना बघू दे. धाग्याची टेस्ट मात्र शनिवारीच करून ठेव, गोळी झाली की राख पडली तेवढं मला कळव.